रंगीत सी स्लगची जात कशी ओळखावी: रंग सगळ्यांत शेवटी पाहा

प्रवाळांमध्ये निळ्या अंगावर काळे पट्टे आणि नारिंगी किनार असलेला सी स्लग दिसला की नजर रंगांवर खिळते. ओळखण्यातली चूक बहुतेक वेळा इथेच सुरू होते. सी स्लग हा गोगलगाईचाच भाऊबंद, पण त्याचा शंख नाहीसा झालेला असतो किंवा नावापुरता उरलेला असतो. शंख नसल्यामुळे अनेक जाती विषारी किंवा बेचव रसायनांवर तगतात, आणि भडक रंगातून माशांना ‘मला खाऊ नको’ असं बजावतात. एकाच पाण्यातल्या निरनिराळ्या जाती हा इशारा सारख्याच रंगांत देतात, म्हणून त्या एकमेकींसारख्या दिसतात. यासाठी क्रम असा ठेवा: आधी शरीराची ठेवण, मग नक्षी, मग रंग.

पायरी १: हात न लावता पुरेसे फोटो काढा

ओळख पटणार की नाही, हे बऱ्याचदा फोटोंवरच ठरतं. किमान पाच फोटो हवेत: बरोब्बर वरून एक, बाजूने एक, डोक्याचा जवळून, पाठीवरच्या कल्ल्यांचा जवळून, आणि तो कशावर बसला आहे ते दाखवणारा. जवळचा फोटो घेताना फोकस डोक्यावरच्या दोन शिंगांवर ठेवा. ही शिंगं म्हणजे शृंगिका, पाण्यातला वास घेणारे अवयव. मापासाठी शेजारच्या मोकळ्या वाळूवर किंवा उघड्या खडकावर छोटी पट्टी ठेवा. जिवंत प्रवाळावर किंवा स्पंजावर नको.

चार-पाच मीटर खोलीवरच पाणी लाल रंग बराचसा गिळून टाकतं आणि नारिंगी किनार मळकट तपकिरी दिसू लागते. त्यामुळे फ्लॅश किंवा टॉर्च लागतोच. उलट फ्लॅश जास्त झाला तर पांढरे ठिपके पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जातात, म्हणून प्रकाश कमी करून आणखी एक फोटो घ्या. स्लग बिचकला असेल तर कल्ले आत ओढून घेतो आणि पाठ सपाट दिसते. दोन-तीन मिनिटं स्थिर थांबलात तर ते बहुधा पुन्हा उमलतात. ओहोटीच्या वेळी पाण्याबाहेर राहिलेला स्लग नुसता चिकट गोळा दिसतो. डबक्यातल्या पाण्यात असलेलाच शोधा.

हात न लावण्याचं कारण केवळ त्याची काळजी एवढंच नाही. पाठीवर बोटांसारखे उपांग असलेले स्लग हायड्रॉइडसारख्या (जेलीफिशच्या नात्यातल्या झुडपासारख्या प्राण्यांसारख्या) भक्ष्याच्या डंखपेशी स्वतःच्या अंगात साठवतात. समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणारा निळा ग्लॉकस तर माणसालाही जोरदार डंख करतो.

पायरी २: तो खरंच सी स्लग आहे का?

चपटकृमी हा सर्वांत फसवा तोतया. त्याचं शरीर कागदासारखं पातळ असतं, पाठीवर कल्ले नसतात आणि ‘शिंगं’ म्हणजे कडेला पडलेली घडी असते. स्लगच्या शृंगिका पाठीतून स्वतंत्रपणे उगवतात. अनेकांत त्यांवर पुस्तकाच्या पानांसारख्या आडव्या वळ्याही असतात. दुसरा तोतया म्हणजे पिअरसनोथुरिया ग्रेफी या समुद्रकाकडीचं पिल्लू. ते फिलिडिया व्हॅरिकोसा या विषारी स्लगची हुबेहूब नक्कल करतं. शंका आली तर पुढच्या टोकाशी पिवळ्या शृंगिकांची जोडी आहे का, ते पाहा.

पायरी ३: गट ठरवा

पाठीच्या मागच्या भागात कल्ल्यांचा तुरा असेल तर तो डोरिड. पाठभर बोटांसारखे उपांग असतील तर इओलिड. दोन्ही नाहीत, पण पाठीवर टणक गाठी आहेत, तर फिलिडिया आणि तिचे नातेवाईक; यांचे कल्ले कडेखाली दडलेले असतात. शृंगिका कागदाच्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या असतील तर तो शेवाळाचा रस शोषणाऱ्या गटातला. शृंगिकाच नाहीत, डोकं ढालीसारखं सपाट आहे आणि मागे दोन शेपट्या आहेत, तर केलिडोन्युरासारखा काहीतरी.

एक मोठी सोय लक्षात ठेवा. डोरिडांत तुरा सहसा एकाच खाचेतून निघतो. लाल, हातभर लांबीपर्यंत वाढणाऱ्या हेक्साब्रँकसमध्ये मात्र कल्ल्यांचे झुबके पाठीवर सुटे-सुटे रोवलेले असतात. एवढ्यावरूनच तो ओळखू येतो.

पायरी ४: नक्षी कडेकडून आत वाचा

क्रोमोडोरिस या वंशात ही सवय फार उपयोगी पडते. पाठीवरच्या कातडीची झालर, म्हणजे प्रावार, बाहेरच्या कडेपासून सुरू करून एकेक रंगपट्टा क्रमाने लिहून काढा.

बाहेर पांढरी कड आणि तिच्या आत रुंद नारिंगी पट्टा असेल, तर क्रोमोडोरिस मॅग्निफिका असण्याची शक्यता मोठी. क्रोमोडोरिस ॲनाय आणि क्रोमोडोरिस एलिझाबेथिना या दोघांच्याही शृंगिका आणि कल्ले नारिंगी-पिवळे असतात, म्हणून निळा भाग मोठा करून बघा: ॲनायच्या निळ्यात बारीक काळसर ठिपक्यांची दाणेदार भुकटी दिसते, एलिझाबेथिनाचा निळा नितळ असतो. कडेला नारिंगी अजिबात नसेल तर क्रोमोडोरिस लॉकाय आणि क्रोमोडोरिस विलानी यांचा विचार करा. विलानीच्या शृंगिका आणि कल्ल्यांवर पांढरे कण शिंपडलेले असतात. लॉकायचे एकरंगी असतात. फ्लॅश जास्त झाला तर नेमके हेच कण गायब होतात.

काळ्या रेघा मोजून निर्णय घेऊ नका. त्या एकाच जातीत तुटतात, जुळतात, लहान-मोठ्या होतात. जनुकीय तपासणीत तर क्रोमोडोरिसची एकच जात वेगवेगळ्या नक्ष्या धारण करते, असंही आढळलं आहे. त्यामुळे एका खुणेवर जात ठरवू नका; स्वतंत्र अशा तीन खुणा जुळायला हव्यात.

फिलिडियांमध्ये खालची बाजू निर्णायक ठरते. व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध काळी रेघ असते, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या फिलिडिया सीलेस्टिसला ती नसते. त्यासाठी प्राण्याला उलटं करू नका. तो खडकाची कड ओलांडताना पुढचा भाग उचलतो, तेव्हा खालून फोटो घ्या. त्याला माशांबरोबर बादलीत ठेवणं तर पूर्ण टाळा. त्याच्या स्रावाने मासे मरतात.

पायरी ५: अन्न आणि प्रदेश तपासा

क्रोमोडोरिस स्पंज खातात, नेम्ब्रोथा वंशातले स्लग ॲसिडियन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी, खातात. तो सलग खात असलेला दिसला तर भक्ष्याचाही फोटो घ्या. नुसता एखाद्या गोष्टीवर बसलेला असणं हा पुरावा नाही, तो वाटेतही असू शकतो.

प्रदेशामुळे यादी झपाट्याने आखडते. जांभळ्या ठिपक्यांचे गोनिओब्रँकस कुनिई आणि गोनिओब्रँकस जेमिनस चटकन वेगळे करता येत नाहीत. पण पहिला पश्चिम प्रशांत महासागरातला आणि दुसरा हिंदी महासागरातला.

पायरी ६: नाव जुनं तर नाही ना, ते बघा

जुन्या पुस्तकांत हाच कुनिई क्रोमोडोरिस म्हणून सापडेल. 2012 मध्ये क्रोमोडोरिसच्या कुळाची जनुकीय आधारावर फेरमांडणी झाली आणि अनेक जातींचा वंश बदलला. रिस्बेसिया ट्रायोनी आता हिप्सेलोडोरिस ट्रायोनी आहे. म्हणून शोधताना नावाचा दुसरा शब्द धरून शोधा.

एवढं करूनही काही स्लग फोटोवरून वंशापलीकडे जात नाहीत, विशेषतः लहान, फिकट इओलिड. त्यांना दातांची रचना किंवा जनुकीय तपासणी लागते. अशा वेळी नोंदीत फक्त वंशाचं नाव आणि ‘जात अनिश्चित’ लिहा, सोबत तारीख, ठिकाण, खोली, लांबी मिलिमीटरमध्ये आणि तो कशावर होता ते जोडा.