इक्विटी रिसर्चची इंटर्नशिप : अर्जापासून मुलाखतीपर्यंत या चुका टाळा

इन्व्हेस्टमेंट बँकेच्या संशोधन विभागाला पाठवलेल्या अर्जात ‘मला विलीनीकरण आणि आयपीओच्या व्यवहारांवर काम करायचे आहे’ असे वाक्य असेल, तर तो अर्ज तिथेच संपतो, कारण ते काम त्या विभागाचे नाहीच. आयपीओ आणणारा मर्चंट बँकिंग विभाग आणि शेअरवर मत देणारा रिसर्च विभाग एकाच इमारतीत बसत असले, तरी त्यांच्यामध्ये नियमांची भिंत असते. ही भिंत पाळली न गेल्याच्या आरोपांवरून अमेरिकेत २००३ मध्ये दहा मोठ्या संस्थांना सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. भारतातही सेबीच्या २०१४ च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांनुसार विश्लेषकाचा मोबदला मर्चंट बँकिंगच्या व्यवहारांशी जोडता येत नाही.

दुसरी चूक वेळेची. सूचिबद्ध कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. त्यामुळे जुलैच्या मध्यापासून १४ ऑगस्टपर्यंत किंवा एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत विश्लेषकाची संध्याकाळ निकाल वाचण्यात आणि कॉनकॉल (निकालांवर कंपनीचे व्यवस्थापन विश्लेषकांशी फोनवर करते ती चर्चा) ऐकण्यात जाते, आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी त्याची टिपणी ग्राहकांच्या हाती पडावी लागते. या दिवसांत पाठवलेल्या मेलला उत्तर आले नाही, तर तो नकार समजू नये. जून, सप्टेंबर, डिसेंबर किंवा मार्चमध्ये पुन्हा लिहावे, आणि तेव्हा नुसती आठवण न करून देता त्या क्षेत्रातील ताज्या निकालांवरचे एखादे स्वतःचे निरीक्षण जोडावे. मोठ्या परदेशी बँकांच्या उन्हाळी जागा मात्र बहुधा कॅम्पसमधून आणि कित्येक महिने आधीच भरल्या जातात. देशी ब्रोकरेजमध्ये गरज पडेल तशी माणसे घेतली जातात, म्हणून तिथे मनुष्यबळ विभागापेक्षा त्या क्षेत्राच्या विश्लेषकालाच लिहिणे अधिक उपयोगी पडते. त्याचे नाव आणि ई-मेल अहवालाच्या पहिल्या पानावरच छापलेले असते.

खरी गळती होते ती अर्जासोबत जोडलेल्या नमुना अहवालात, म्हणजे उमेदवाराने एखाद्या कंपनीच्या शेअरवर स्वतः लिहिलेल्या अहवालात. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा किंवा सीएफए या आंतरराष्ट्रीय वित्तीय विश्लेषण अभ्यासक्रमाची पहिली पातळी उत्तीर्ण असणे चांगलेच, पण त्यावरून फार तर अर्ज उघडला जातो. पुढचा निर्णय अहवालातील आकड्यांवर होतो, आणि अनुभवी विश्लेषक त्यातील एक-दोनच आकडे मूळ कागदाशी ताडून पाहतो. बँकेचे मूल्यांकन ईव्ही-एबिटडा गुणोत्तराने (कर्जासह कंपनीचे एकूण मूल्य भागिले व्याज, कर व घसाऱ्यापूर्वीचा नफा) केलेले दिसले की त्याला पुढे वाचायची गरज उरत नाही. ठेवी आणि व्याज हा बँकेचा कच्चा माल असल्यामुळे तिथे किंमत-पुस्तकी मूल्य गुणोत्तर आणि भागधारकांच्या भांडवलावरील परतावा पाहावा लागतो. कंपनीने आकडे लाखांत दिलेले असताना ते कोटी समजून घेणे, उपकंपन्यांसह एकत्रित निकालांऐवजी एकट्या कंपनीचे स्वतंत्र निकाल वापरणे, जमीन विकून मिळालेला एकवेळचा नफा पुढील वर्षांच्या अंदाजात तसाच ओढणे, या चुका नेहमीच्याच आहेत.

बोनस शेअरची चूक त्याहून फसवी असते. समजा, गेल्या वर्षी प्रतिशेअर मिळकत ४० रुपये होती आणि एकास एक बोनसनंतर यंदा ती २२ रुपये झाली. जुन्या वार्षिक अहवालातून आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्याला ४५ टक्के घसरण दिसते, प्रत्यक्षात शेअरची संख्या दुप्पट झाल्यामुळे जुने ४० म्हणजे आताचे २०, आणि २० वरून २२ अशी १० टक्के वाढ झालेली असते.

डीसीएफमध्ये, म्हणजे भविष्यातील रोख प्रवाहांचे आजचे मूल्य काढण्याच्या पद्धतीत, हात सैल सुटतो तो शेवटच्या वाढदरावर. भांडवलाचा खर्च १२ टक्के धरून कायमस्वरूपी वाढ ५ टक्क्यांऐवजी ७ टक्के केली, तर अंतिम मूल्य (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या काळाचे मूल्य) अखेरच्या वर्षाच्या रोख प्रवाहाच्या १५ पटींवरून २१.४ पटींवर जाते. म्हणजे व्यवसायात काहीही न बदलता सुमारे ४३ टक्के वाढ. हा दर का निवडला, हे दोन ओळींत सांगता येत नसेल तर लक्ष्य किंमत लिहूच नये.

कंपनीची निवडही विचारपूर्वक करावी. रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या विद्यार्थ्याने साखर कंपनीवर लिहिले आणि त्यात एफआरपी (उसाला द्यावा लागणारा किमान दर), साखरेचा उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) व डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर केंद्राने आणलेले निर्बंध यांचा नफ्यावरील परिणाम मांडला, तर ते पान वाचले जाते.

एक्सेलच्या चाचणीत ताळेबंद जुळत नसेल तर फरकाची रक्कम ‘इतर मालमत्ता’ या ओळीत कोंबू नये. ती लबाडी लगेच उघडी पडते. आधी लाभांश राखीव निधीतून वजा केला आहे का, घसारा नफा-तोटा पत्रकात आणि रोख प्रवाहात सारखा आहे का आणि नवे कर्ज रोख प्रवाहात आले आहे का, हे तपासावे. तरीही जुळले नाही तर फरक किती आणि कोणत्या वर्षापासून पडतो आहे, ते लिहून द्यावे.

मुलाखतीत ‘कंपनी चांगली आहे’ एवढ्यावर खरेदीची शिफारस टिकत नाही. ते चांगलेपण आजच्या किमतीत आधीच धरलेले आहे का आणि काय घडले तर आपले मत चूक ठरेल, हे दोन प्रश्न हमखास येतात. विक्रेत्यांशी बोलून मागणीचा अंदाज घेतला असेल तर अवश्य सांगावे. परंतु कंपनीच्या लेखा विभागातील काकांकडून तिमाहीचा आकडा आधीच कळतो, अशी फुशारकी मारणारा उमेदवार अप्रकाशित माहिती मिळवत असल्याची कबुलीच देत असतो. टेलिग्रामवर टिप्स देणारा गट चालवत असल्याचे कौतुकाने सांगणेही तितकेच महागात पडते. निवड झाल्यावर अनुपालन विभाग, म्हणजे संस्थेत नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा विभाग, डीमॅट खात्याचा तपशील मागतो. अहवालातील शेअरमध्ये विश्लेषकाने प्रकाशनापूर्वी ३० आणि नंतर ५ दिवस व्यवहार करू नयेत, असे २०१४ च्या नियमांत आहे, आणि अनेक संस्थांचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात. म्हणून घरच्यांच्या नावावरील शेअरसुद्धा विचारले जातील तसे रुजू होण्याआधीच सांगून टाकावेत.