कुठल्याही आंतरराष्ट्रीय गटात खरी वट कोणाची, हे कसं ओळखायचं

अमुक देश तमुक गटात गेला अशी बातमी आली की हस्तांदोलनाचे फोटो सोडा, आधी बघा तो गेला कशाला. बहुतेक वेळा भीती, नाहीतर पैसा. फिनलंडची रशियाला लागून १३०० किमीच्या वर बॉर्डर आहे, तरी एवढी वर्षं नेटोच्या, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटाच्या, बाहेर राहिले, २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि २०२३ ला हे आत. नेटो कराराच्या कलम ५ साठी, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर.

मग मतांचा नियम शोधा, खरी गंमत तिथेच असते. नेटोत एकमत लागतं, त्यामुळे एकटा देशही गाडी अडवू शकतो. आत यायला निघालेल्या स्वीडनला तुर्कस्तान आणि हंगेरीने २०२४ पर्यंत लटकवलं, आणि तुर्कस्तानने होकार दिल्या दिल्या अमेरिकेने त्यांना एफ-१६ विमानं विकायला मंजुरी दिली, आता हा योगायोग म्हणायचा तर म्हणा बापडे.

देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं (आयएमएफ) वेगळं. आपल्या सोसायटीत वन बीएचके असो की थ्री, मत एकच, नाणेनिधीत मात्र ज्याचा पैसा जास्त त्याची मतं जास्त. अमेरिकेकडे साधारण १६.५ टक्के, ऐकायला काहीच नाही, पण मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे ती एकटी नाही म्हणाली की विषय संपला! चीनचंही एआयआयबी या आशियाई बँकेमध्ये सेम, मतं २६ टक्क्यांच्या आसपास आणि मोठ्या निर्णयांना लागतात ७५. म्हणून नुसती टक्केवारी कधी बघू नका, पास व्हायला किती लागतात तेही बघा.

खुर्चीवर कोण बसतो तेही तपासा, हे नियमात लिहिलेलं नसतं. वर्ल्ड बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने ठरवलेला, नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा. आपल्या मुंबईच्या मेट्रो २ए आणि ७ ला कर्ज देणाऱ्या एशियन डेव्हलपमेंट बँकेचा अध्यक्ष आजवर कायम जपानीच.

शेवटी, नियम बदलायचे कोणाच्या हातात आहे ते बघा, लोक हे हमखास विसरतात. भारताला सुरक्षा परिषदेत कायमची जागा हवी तर यूएनची सनद बदलावी लागेल, त्याला दोन तृतीयांश देश तर लागतातच, वर व्हेटोवाल्या (नकाराधिकार असलेल्या) पाचही कायम सदस्यांची मंजुरी लागते, चीन धरून.