विंडोज ११ टाकल्यावर डिस्प्ले बिघडला? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि अनेकांनी जुन्या पीसीवर विंडोज ११ चढवलं. मग अक्षरं फुगलेली दिसतात, दुसरा मॉनिटर सापडत नाही, नाहीतर पडदा काळाच. ठाणे स्टेशनाजवळच्या एखाद्या दुकानात सीपीयू नेलात तर ऐकायला मिळेल, "साहेब, कार्ड गेलंय, नवीन टाका." कालपर्यंत धड चाललेलं कार्ड नेमकं अपग्रेडच्या मुहूर्तावर मरणं अवघड आहे. आधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि बायोस (पीसी सुरू होताना चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) यांच्यावर संशय घ्या.

डिस्प्ले येतोय, पण नीट नाही

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यात 'डिस्प्ले अडॅप्टर्स' बघा. तिथे कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलं असेल, तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय. कार्डाचं नाव आहे पण पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसतोय, तरी सुरुवात ड्रायव्हरपासूनच करा.

विंडोज अपडेटमधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर आलाय का ते बघा. नसेल तर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. यात क्रम महत्त्वाचा. आधी ड्रायव्हर आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे साधन उतरवून ठेवा, मग इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालतं त्या अवस्थेत) जाऊन त्या साधनाने जुना ड्रायव्हर पुसा, रीस्टार्ट करून नवा टाका. नेट चालूच राहिलं तर विंडोज मधल्या मध्ये आपलाच ड्रायव्हर घुसवतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

विंडोज ११ला डायरेक्टएक्स १२ आणि डब्ल्यूडीडीएम २.० (विंडोजच्या डिस्प्ले ड्रायव्हरचा साचा) चालवणारं कार्ड लागतं. इथे एनव्हिडियाच्या जीटी ७३०वाल्यांनी सावध राहावं. एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या, फर्मी आणि केप्लर. केप्लरला ४७० मालिकेपर्यंतचे ड्रायव्हर मिळाले, फर्मीची गाडी ३९१.३५वरच थांबली. तुमच्याकडे कुठली आहे, ते जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर सांगेल. दोन्हींसाठी आता नवं काही येणार नाही.

डिस्प्लेच येत नाही

पंखे फिरतात, पडदा काळा. इथे बऱ्याचदा कुणीतरी विंडोज ११साठी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद केलेलं असतं. मग उरतं नव्या पद्धतीचं बायोस, म्हणजे युईएफआय. त्याला पडद्यावर चित्र आणायला कार्डाच्या फर्मवेअरमध्ये जीओपी नावाचा भाग लागतो आणि जुन्या कार्डांत तो नसतो. कार्ड धडधाकट असतं, बोर्डाला ते ओळखता येत नाही, एवढंच.

मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावा. मात्र इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, मग हा उपाय चालणार नाही. डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन सीएसएम परत चालू करा. आलाच नाही, तर वीज काढून बोर्डावरचा बटण सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. जुन्या बोर्डांवर सीएसएम बहुधा आपोआप चालू होतं. सीएसएम चालू असताना सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद राहतं. विंडोज त्यावाचून चालतं, काही ऑनलाइन गेम मात्र अडून बसतात.

कॅबिनेट उघडलंच आहे तर कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा या खाडीकाठच्या दमट हवेत ते लवकर काळवंडतात. आधी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा. कार्डाला वेगळी पॉवर केबल असेल तर ती घट्ट बसवा.

परत फिरायचं असेल तर

अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या वाटेने 'गो बॅक' करता येतं. तोवर डिस्क क्लीनअप करून जुनं विंडोज उडवू नका, नाहीतर हा रस्ता बंद होतो.

एवढं करूनही जमलं नाही तर ते कार्ड मित्राच्या पीसीत लावून बघा. तिथेही मेलेलं निघालं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठा, लॅमिंग्टन रोडवर पर्याय भरपूर आहेत. निघताना एसएमपीएसचे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) वॅट आणि कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड मावतं, हे लिहून न्या. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच जोडून दाखवायला सांगा.