कुशाग्र कुठे लिहायचं, चाणाक्ष कुठे, तल्लख कुठे

निरोप समारंभाचं भाषण असो की कुणाबद्दल चार ओळींची पोस्ट, 'कुशाग्र बुद्धीचे' हे ठरलेलं असतंच, माणूस कसाही असला तरी. मला हा शब्द आवडतो म्हणूनच तो असा कुठेही चिकटवलेला बघवत नाही.

कुश म्हणजे दर्भ, पूजेत लागतं ते गवत, आणि अग्र म्हणजे टोक. दर्भाचं पातं टोकाला एकदम निमुळतं होत जातं, म्हणून तशी बारीक, टोकदार, अवघड गोष्टीच्या आत शिरणारी बुद्धी ती कुशाग्र. 'कुशल'सुद्धा याच गवतातून आला असं जुने लोक सांगतात, दर्भ उपटताना हात कापतो तर जो हात न कापता घेऊन येतो तो कुशल. म्हणजे कुशलमध्ये हाताची सफाई आणि कुशाग्रमध्ये डोक्याची धार, हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

आता वापर. कुशाग्र हा बुद्धीलाच लावायचा, सुरी कुशाग्र नसते आणि जीभ तर नाहीच, तिथे धारदार, तिखट वगैरे आहेत की. नजरेला लावलेला कधीकधी वाचायला मिळतो पण मला विचाराल तर तिथे तीक्ष्ण किंवा भेदक बरा.

खरा घोळ होतो तो चाणाक्षशी. समजा एकाने खर्चाच्या पावत्या नुसत्या चाळल्या आणि म्हणाला, अहो या सहा पावत्या सहा महिन्यांच्या पण अक्षर एकच, शाई एकच, आणि नंबर ओळीने, मग काय या एकाच दिवशी बसून लिहिल्यात की काय? हा माणूस चाणाक्ष. समोरचा काय लपवतोय ते त्याला वास आल्यासारखं कळतं. गणिताची नवीन रीत एकदा ऐकली आणि ती कुठे लागू पडणार नाही हेही लगेच सांगितलं, तो कुशाग्र. दोन्ही एकाच माणसात असतीलच असं नाही, उलट कुशाग्र लोक व्यवहारात सर्रास फसतात.

चाणाक्षमध्ये थोडी सावधगिरी, थोडा बेरकीपणा असतो पण कौतुकाचा. त्यात स्वार्थ आला की धूर्त, आणि अजून खाली घसरला की लबाड. त्यामुळे साहेबांबद्दल लिहिताना जपून!

तल्लख म्हणजे चटकन चालणारी, स्मरणशक्तीलाही चालतो (तल्लख स्मरणशक्ती बरोबर, कुशाग्र स्मरणशक्ती कानाला खटकतं). मार्मिक मात्र सहसा बोलण्याला, टीकेला, प्रश्नाला लागतो, म्हणजे नेमकं वर्मावर बोट. आणि हुशार तर काय, सगळीकडे चालतो, म्हणूनच त्यातून फारसं काही कळत नाही.

लिहिताना 'कुषाग्र' नको, श शहामृगाचाच. 'बुद्धी' सुटा असला किंवा शेवटी आला की धी दीर्घ, म्हणून कुशाग्रबुद्धी, कुशाग्र बुद्धीची मुलगी, पण पुढे दुसरा शब्द जोडला की ऱ्हस्व, बुद्धिमत्ता, बुद्धिवैभव. 'कुशाग्रपणे उत्तर दिले' असलं काही लिहू नका, 'कुशाग्र बुद्धीने ताडले' लिहा किंवा सरळ 'पटकन ओळखलं' म्हणा, त्याने काही बिघडत नाही.