डोलकाठीवरचा दिवा बदलताय? वर चढायच्या आधी या चुका बघून घ्या

पावसाळा संपला की मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाच्या बोटी परत पाण्यात उतरतात आणि तेव्हाच कळतं की मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, टोकावरचा दिवा काही लागत नाहीये. मग काय, एखादा हलका पोरगा हेरायचा, बोसन चेअरमध्ये, म्हणजे दोरीने वर ओढायच्या खुर्चीत, बसवायचा आणि बाजारातून आणलेला नवा दिवा देऊन वर पाठवायचा. तो अर्धा तास वर लटकून दिवा बसवतो, खाली येतो, स्विच दाबला तरी अंधारच. कारण बिघाड वर नव्हताच मुळी.

सगळ्यात मोठी चूक हीच, खाली न तपासता वर चढणं. मास्टच्या पायथ्याशी, डेकवर जिथे वायर जोडलेली असते ना, ते कनेक्टर आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सगळ्यात आधी मरतं. चार महिने पाऊस, वर समुद्राचे तुषार, आणि बोट ताडपत्रीखाली शाकारलेली असली तरी आत दमट हवा कोंडलेलीच असते. ते कनेक्टर उघडून बघा, हिरवी पूड दिसली की समजायचं. मग फ्यूज, मग पॅनेलच्या मागचा निगेटिव्ह बसबार, म्हणजे सगळ्या मायनस वायरी एकत्र येतात ती पट्टी. हे सगळं पाय डेकवर असताना होतं.

मल्टीमीटर लावला, १२.५ व्होल्ट दाखवले, म्हणजे वायर ठीक, असं धरून चालू नका. मीटर करंट जवळजवळ खेचतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार उरली असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड लावून बघायला हवं. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो, त्याला दोन वायरी जोडा आणि मास्टच्या पायथ्याशी, दिव्याच्या जागी तो लावा. बल्ब मंद जळला आणि मीटर १२.५ वरून ९-१० वर आला तर रेझिस्टन्स खालीच कुठेतरी आहे, वर जायची गरज नाही. झगझगीत जळला तर मात्र बिघाड मास्टच्या आतल्या वायरमध्ये किंवा दिव्यातच, आता चढायला हरकत नाही.

एक गंमत म्हणजे स्विच बंद केल्यावरही एलईडी अगदी मिणमिणता चालू राहतो अशी तक्रार बऱ्याचदा येते, आणि लोक दिवाच खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. बहुतेक वेळा ओल्या कनेक्टरमधून किंवा पॅनेलवरच्या छोट्या इंडिकेटर लाइटमधून करंट झिरपत असतो, आणि एलईडीला तेवढाही पुरतो.

दिवा कुठला पाहिजे तेच नीट ठरलेलं नसतं

दुकानात जाऊन "मास्टहेड लाइट द्या" म्हटलं की घोळ होतो. नियमांच्या भाषेत मास्टहेड लाइट म्हणजे इंजिन चालू असताना पुढे दिसणारा पांढरा दिवा, २२५ अंशांचा, आणि शिडाच्या बोटीवर तो बऱ्याचदा मास्टच्या मध्यावर असतो. टोकावर असतो तो एकतर ट्रायकलर, म्हणजे तीन रंगांचा एकच दिवा, नाहीतर नांगर टाकल्यावर लावायचा, चारी बाजूंनी दिसणारा पांढरा अँकर लाइट, किंवा दोन्ही एकाच डब्यात. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २० मीटरपेक्षा लहान शिडाच्या बोटीला लाल, हिरवा आणि मागचा पांढरा असे तिन्ही एकाच दिव्यात टोकावर लावता येतात, पण फक्त शिडावर असतानाच. इंजिन चालू केलं, मग शीड वर असलं तरी, ट्रायकलर बंद आणि खालचे साइड लाइट, मागचा दिवा आणि २२५ वाला चालू. हे दोन्ही एकदम लावून फिरणारी बोट रात्री समोरच्याला काय आहे तेच कळत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर रात्री आधीच कमी गोंधळ नसतो, ट्रॉलर, होड्या, जयगडसारख्या बंदराबाहेर नांगरलेली मोठी जहाजं, आणि २०१७ पासून बंदी असूनसुद्धा एलईडीच्या उजेडावर मासेमारी करणारे असतातच, त्या झगमगाटात तुमचा दिवा नेमका पाहिजे.

रेंजही बघा. १२ मीटरच्या आतल्या बोटीला साइड लाइट १ मैल, मागचा आणि अँकरचा २ मैल दिसायला हवा. १२ मीटरच्या वर गेलात की साइड लाइटही २ मैल. डब्यावर छापलेलं असतं, नसेल तर तो दिवा घेऊ नका.

जुन्या डब्यात नुसता एलईडी बल्ब

हे स्वस्त पडतं म्हणून सगळे करतात. अँकर लाइटला चालून जातं, ट्रायकलरला नाही. जुन्या दिव्याची लेन्स त्या बल्बच्या उभ्या फिलामेंटची जागा धरून बनवलेली असते. तिथे मक्याच्या कणसासारखा चारी बाजूंनी चिप लावलेला बल्ब घातला की लाल आणि हिरव्याच्या मधली रेघच पुसट होते आणि समोरून येणाऱ्याला तुम्ही नक्की कुठल्या बाजूला वळलेले आहात ते कळत नाही. दुसरं, थंड पांढऱ्या एलईडीचा उजेड लाल काचेतून फिका आणि हिरव्यातून निळसर दिसतो. मुळात एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण दिवा घ्या, किंमत जास्त आहे पण मास्टवर परत चढण्यापेक्षा परवडते.

ट्रकच्या मार्केटमधले १२ व्होल्टचे एलईडी आणखी वेगळं प्रकरण. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट येतात आणि आत रेग्युलेटर नसेल तर तो दिवा काही दिवसांत जातो. १० ते ३० व्होल्ट चालेल असं लिहिलेला घ्या.

फायदा मात्र खराच आहे. २५ वॅटचा जुना बल्ब १० तास चालला तर बॅटरीतले साधारण २१ अँपिअर-अवर खातो, अडीच वॅटचा एलईडी २ च्या आसपास.

आता एक गोष्ट जी बोट परत पाण्यात गेल्यावरच लक्षात येते. व्हीएचएफची, म्हणजे बोटीवरच्या रेडिओची, अँटेना पण टोकावरच असते, दिव्यापासून हातभर अंतरावर, आणि काही एलईडींचं सर्किट इतका रेडिओ आवाज करतं की चॅनेल १६ वरचं लांबचं बोलणं ऐकूच येत नाही. आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणाऱ्या एआयएसलाही तोच त्रास, कारण तो १६२ मेगाहर्ट्झच्या जवळपास चालतो. तपासायचं असं: एखाद्या शांत चॅनेलवर जा, खरखर जेमतेम बंद होईल इतकाच स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारं बटण) ठेवा, मग दिवा लावा. खरखर परत सुरू झाली तर दिवा परत करा. ही टेस्ट दिवा वर बसवण्याआधी, खाली हातात धरलेल्या सेटजवळ सुद्धा करता येते, आणि मी तर म्हणेन तिथेच करा.

वायर

नवा दिवा जुन्या वायरला जोडायचा आणि वायर तशीच ठेवायची, हे काटकसरीचं वाटतं. टोकाचं इन्सुलेशन थोडं सोला आणि तांबं बघा. काळं पडलं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, आणि हातभर कापूनही काळंच असेल तर पूर्ण वायर बदला, मीठ आतून चढलेलं असतं. टिन केलेली, म्हणजे तांब्यावर कथिलाचा थर असलेली, मरीन वायर घ्या. घरगुती वायर मास्टमध्ये कितीही नवी असली तरी दोन-तीन पावसाळ्यांत तशीच होते.

जुनी ओढून काढण्याआधी तिच्या शेवटाला पातळ दोरी बांधा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी विसरतं, मग मास्टच्या आतून नवी वायर घालायची म्हणजे मास्ट खाली उतरवायची वेळ येते.

एलईडीला प्लस-मायनस लागतं, जुन्या बल्बला लागत नव्हतं. म्हणून जुन्या वायरचे रंग बघून विश्वास ठेवू नका, मीटरने तपासा. ट्रायकलर आणि अँकर एकत्र असलेल्या काही दिव्यांत तर दोनच वायरी असतात आणि उलट जोडल्या की दुसरा दिवा लागतो, तेव्हा माहितीपत्रक फेकून देऊ नका.

जोड क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून घट्ट करा, वर आतून गोंद असलेला हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप उन्हात सुटते. वायर दिव्यात शिरण्याआधी खाली एक लूप सोडा म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. आणि सिलिकॉनच्या बाबतीत, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते वापरू नका. दिव्याच्या तळाशी जे छोटं भोक असतं ते पाणी बाहेर जाण्यासाठी असतं, ते बुजवलं तर दिव्यात पाणी साठतं.

ॲल्युमिनियम मास्टमध्ये स्टीलचे स्क्रू घालताना मध्ये लॅनोलिन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही. प्लास्टिकच्या लेन्सवर थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यातलं काहीही फिरवू नका, बारीक भेगा पडतात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा थ्रेड लॉकचा गोंदही पॉलीकार्बोनेटला तडे पाडतो.

चढताना

ओहोटीला खाडीत गाळावर बसलेल्या बोटीच्या मास्टवर चढायचं नाही. आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या बोटीवर तर अजिबात नाही, तिथे मास्ट खाली घ्यायला मिळत असेल तर तीच संधी समजा आणि दिवा जमिनीवर बदला. पाण्यात करायचं असेल तर सकाळी, कारण दुपारनंतर खारा वारा उठतो आणि वर तोच जास्त जाणवतो. दोन हॅलयार्ड (शीड वर ओढायच्या दोऱ्या) लावा, एकावर खुर्ची आणि दुसरी सुरक्षेसाठी, आणि दोन्ही गाठीने बांधा, स्नॅप शॅकलवर (खटक्याने उघडणाऱ्या कडीवर) भरवसा नको. हत्यारं दोरीने बांधलेली, आणि खाली डेकवर मास्टच्या मुळाशी कोणी उभं राहायचं नाही. इलेक्ट्रिक विंचने (दोरी ओढणाऱ्या मोटरने) माणूस वर ओढू नका.

दिव्यावर पुढच्या बाजूची खूण असते, ती बरोबर पुढे आली की नाही वरूनच बघून घ्या, कारण थोडा जरी फिरला तरी लाल-हिरवा चुकीच्या बाजूला दिसतो. मग रात्री होडीतून बोटीभोवती एक फेरी मारा: बरोबर समोरून दोन्ही रंग, बोटीच्या डावीकडून फक्त लाल, उजवीकडून फक्त हिरवा, मागून फक्त पांढरा. समोरून रंग बदलण्याची पट्टी अरुंद असायला हवी, नियमाप्रमाणे प्रत्येक रंग आपल्या हद्दीबाहेर १ ते ३ अंशांत संपायला हवा.

दिवा यायला आठवडा लागणार असेल तर तोपर्यंत नांगर टाकल्यावर एखादा बॅटरीवरचा चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हॅलयार्डने पुढच्या बाजूला वर चढवा, तो मास्टच्या टोकावरच पाहिजे असं काही नाही. ७ मीटरच्या आतल्या बोटीला अँकर लाइटची सूट आहे खरी, पण अरुंद वाटेत, जहाजांच्या मार्गात किंवा जिथे बोटी नांगर टाकतात त्या जागेत ती लागू होत नाही, आणि आपण बहुतेक वेळा खाडीच्या तोंडाशीच नांगर टाकतो.