हरणासाठी नळी कोणती, काडतूस कोणतं

माझा भाचा ओहायोत राहतो. दिवाळीच्या फराळाला बसलो होतो तेवढ्यात लालबागच्या घरी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, बारा बोअरची शॉटगन घेतलीय. हरणाच्या सीझनला जायचंय, नळी कुठली लावू?" मुंबईत बंदूक दुरुस्तीच्या दुकानात 31 वर्षं काढली, म्हणून त्याने मलाच विचारलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. चितळ बघावं बोरिवलीच्या उद्यानात. पण तिकडे रीतसर परवाना मिळतो, तर तिकडच्या आपल्या पोरांनी नीट समजून जावं.

पहिलं तिथला नियम वाच. ओहायोत हरणावर छऱ्यांचं काडतूस चालत नाही. एका काडतुसात एकच गोळी, म्हणजे स्लग. आपले जुने शिकारी मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांना एल.जी., एस.जी. म्हणायचे, ते तिथे डोक्यातून काढून टाक. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे.

आता नळी. आत आटे, म्हणजे वळणदार खाचा, नसलेली गुळगुळीत नळी असेल तर साधा शिशाचा स्लग घे. त्याचं वजन पुढच्या टोकाला असतं, त्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ जातो. चोक, म्हणजे नळीचं तोंड किती अरुंद ते, सिलिंडर (अजिबात अरुंद नाही) किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर (किंचित अरुंद) लाव. बारा बोअरची नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटर, फुल चोकचं तोंड त्याहून जवळपास 1 मिलिमीटर अरुंद. स्लगला तिथून पिळून काढू नये, नेम बिघडतो. अशा नळीवर 50 यार्डांपलीकडे मी तरी भरवसा ठेवणार नाही.

लांबून मारायचं असेल तर आट्यांची नळी, वर दुर्बीण आणि सॅबो स्लग. यात गोळीवर प्लॅस्टिकचं कवच असतं. आटे ते कवच पकडतात, गोळीला फिरकी देतात, बाहेर पडल्यावर कवच गळतं. हाच महागडा सॅबो गुळगुळीत नळीत घातला तर पैसे पाण्यात, फिरकीच मिळत नाही. उलट साधे स्लग आट्यांच्या नळीत मारत राहिलास, तर आट्यांत शिसं बसतं. अशी नळी मी दुकानाच्या दारात उजेडाकडे धरून बघायचो: आत राखाडी रेघा, मग पितळी ब्रशने तासभर घासणं.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नकोस. नळीवर 2¾ इंच कोरलेलं असेल तर 3 इंची काडतूस घालू नको. ते आत बसतं, म्हणूनच घात होतो. काडतुसाचं मिटलेलं तोंड उडताना पूर्ण उघडायला जागाच उरत नाही आणि दाब वाढतो. तसंच वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या खिशात कधीच ठेवायचं नाही. ते नळीत पुढे सरकून अडकतं, आणि मागून बाराचं घातलं की नळी फुटते.

मग तीन कंपन्यांच्या पेट्या आण. टेबलावर रेतीची पिशवी ठेव, 50 यार्डांवर कागद लाव आणि प्रत्येकीचे पाच-पाच बार काढ. मधे नळी गार होऊ दे. एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन नळ्यांनासुद्धा वेगवेगळं काडतूस आवडतं, हे मी स्वतः पाहिलंय. ज्याची भोकं मुठीएवढ्या जागेत पडतील ते तुझं. त्या पेटीचा लॉट नंबर लिहून ठेव आणि त्याच लॉटच्या आणखी दोन पेट्या सीझन लागायच्या आत घे.