अक्रात टॅक्सीत बसण्याआधी एकच प्रश्न विचारा

घानाची राजधानी अक्रा इथे रस्त्यावरच्या टॅक्सीला मीटर नसतो. नवखा माणूस हात करून सरळ आत बसला, की चालक बहुधा ते 'ड्रॉपिंग' धरतो, म्हणजे अख्खी गाडी तुमच्या एकट्यासाठी. शेअर सीटच्या कितीतरी पट पैसे जातात.

१. टॅक्सीच्या चारही कोपऱ्यांचे पत्रे पिवळे-केशरी असतात, लांबूनच ओळखू येते. गाडी थांबली की दाराला हात न लावता खिडकीतून ठिकाण सांगा आणि विचारा: "शेअर की ड्रॉपिंग?" ड्रॉपिंगच हवी असेल तर भाडं तिथेच ठरवा, बसल्यावर घासाघीस जमत नाही.

२. सामान कमी असेल तर मी ट्रोट्रोच सांगेन. त्या छोट्या व्हॅनच्या दारातून मेट, म्हणजे कंडक्टर, "सर्क, सर्क, सर्क!" ओरडत असेल तर गाडी क्वामे न्क्रुमा सर्कलला निघालीय. इथे भाडं ठरलेलं असतं, शेजारी किती देतो ते बघून तेवढेच द्या. ट्रोट्रोच्या स्टेशनात गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे घाई असेल तर पुढच्या थांब्यावर जाऊन येणारी गाडी पकडा.

३. सुटे सेडी (घानाचं चलन) वरच्या खिशात ठेवा. सकाळी मोठी नोट दिली तर उरलेले पैसे मिळेपर्यंत तुमचा थांबा येतो.

एक मात्र जपा: पैसे डाव्या हाताने देऊ नका. तिथे तो अपमान समजतात. बॅग डाव्या हातात घ्या, उजवा मोकळा ठेवा.